पुन्हा निघालं तर?

कर्करोगाचा उपचार चालू असतो तोवर माणसाला घाबरायला फुरसत नसते. आज रक्त, उद्या सोनोग्राफी, परवा केमो. योजनेची मंजुरी आली का, नागपुरात कुणाकडे उतरायचं, घरी ढोरांचं कोण पाहील, सोयाबीन कुणाच्या भरवशावर सोडायचं, यातच दिवस मावळतो. मग शेवटचा शेक (रेडिएशन) होतो, डॉक्टर फाईल मिटवून म्हणतात, “आता तीन महिन्यांनी या,” आणि घरचे पेढे वाटायला मोकळे होतात. ज्याच्यासाठी पेढे वाटले, त्याची झोप पुष्कळदा त्याच आठवड्यात उडते.

यात विचित्र असं काही नाही. उपचार चालू असताना रोगाविरुद्ध काहीतरी केलं जात असतं आणि दर आठ-पंधरा दिवसांनी कुणी जाणकार अंगावरून हात फिरवत असतो. ते थांबलं की राखणीची सगळी जबाबदारी एकट्या रुग्णाच्या डोक्यावर येते. “बरं वाटतंय ना?” या प्रश्नाला तो “हो” म्हणतो आणि मनात म्हणतो, मागच्या वेळीही बरंच वाटत होतं की!

कर्करोग परत येईल किंवा वाढत जाईल, ही काळजी आता मानसोपचारात स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली आहे. २०१६ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तिची एकमताने व्याख्या ठरवली. त्यात परत उलटणं आणि आहे तो वाढणं, दोन्ही घेतलं. पुढे २०२२ मध्ये १३ देशांतल्या ४६ अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत ही भीती लक्षात घ्यावी इतकी आढळली आणि साधारण पाचातल्या एकाला ती इतकी तीव्र होती की तज्ज्ञाची मदत लागावी. तरुण रुग्णांत ती म्हाताऱ्यांपेक्षा जास्त असते. रोग कोणत्या टप्प्यावर होता याचा आणि भीतीचा मात्र फारसा थेट मेळ बसत नाही. पहिल्या टप्प्यातच सापडून बरी झालेली बाई रात्रभर जागते आणि तिसऱ्या टप्प्यातून आलेला शेजारी निवांत घोरतो, असं सहज घडतं. म्हणून “तुमचं तर लहानच होतं,” हे सांत्वन ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नसतं.

आता हेच मारेगावहून पाहा. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. कापूस, तूर, सोयाबीन, बाजूला वणीच्या कोळसा खाणी, आत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. कर्करोगासाठी इथला माणूस जातो तो बहुधा नागपूरला: राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, शासकीय मेडिकल कॉलेजात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत. नाहीतर वर्ध्याकडे, सेवाग्राम किंवा सावंगीला. (ज्यांचं नाव नागपूरच्या रुग्णालयाला आहे, ते तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले, हे तिथे रांगेत बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.) करंजीला जाऊन हैदराबादचा हमरस्ता धरा की वणी-वरोऱ्यावरून जा, तपासणीचा दिवस म्हणजे पहाटेची गाडी, बुडालेली मजुरी आणि सोबत कुणीतरी. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, ‘महात्मा फुले जन आरोग्य योजने’तून उपचाराचा मोठा भारही उचलला जातो. पण मानेजवळ काहीतरी टोचतंय आणि रात्रीचे दोन वाजलेत, या प्रसंगासाठी नागपूर फार लांब आहे. शहरातली बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन शंका फेडून येते. इथे तीच शंका पुढच्या तारखेपर्यंत सांभाळावी लागते, आणि सांभाळलेली शंका वाढते.

ती कशी वाढते, हे जवळून बघण्यासारखं आहे. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली एखादी शेतकरीण डोळ्यांसमोर आणा. काखेतल्या गाठी काढल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, घरात हात कमी पडतात, म्हणून ती कमरेला ओटी बांधून वावरात उतरते. दिवसभर बोंडं वेचली की संध्याकाळी त्या बाजूचा हात जड पडतो, बांगडी रुतते. काखेतल्या लसिका गाठी काढल्यामुळे हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि कष्टाने सूज येते. डॉक्टरांनी हे सांगितलेलं असतं. पण सांगितलं तेव्हा तिच्या डोक्यात केमोच होती. आता सूज दिसते आणि मनात एकच वाक्य उमटतं, “पुन्हा निंगालं तं?” मग ती काख चाचपून पाहते. काही लागत नाही. खात्री होत नाही म्हणून जरा जोरात दाबते. दिवसातून दहादा दाबलेली जागा दुखायला लागणारच, आणि दुखणं म्हणजे तिला पुरावाच सापडला. छाती धडधडते, भूक मरते, चार दिवसांत चेहरा उतरतो, मग वजन घटल्याचीही धास्ती. सूज खरी आणि दुखणंही खरं. अर्थ तेवढा भीतीने लावलेला. अशी सूज डॉक्टरांना दाखवायलाच हवी, कारण तिच्यावर उपाय आहेत: हाताचे व्यायाम, पट्टी बांधणं, जखम होऊ न देणं. भीतीपायी नेमकं हेच राहून जातं.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सोडलेल्या आणि जबड्याच्या ऑपरेशनमधून गेलेल्या माणसाचं थोडं वेगळं. शेक घेतल्यानंतर लाळ आटते, तोंड कोरडं पडतं, तिखट सोसत नाही, जबडा आखडतो. मोबाईलचा टॉर्च तोंडात मारून आरशात पाहायची सवय लागते. तोंडाच्या कर्करोगात परत उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, म्हणून त्या काळात डॉक्टर लवकर लवकर बोलावतात आणि नंतर अंतर वाढवत नेतात. ही गोष्ट रुग्णाला नीट उमगली तर दिलासा देणारी आहे. कॅलेंडर आपल्या बाजूने सरकत असतं. पण वेळापत्रकामागचं कारण समजावून सांगायला ओपीडीत वेळ कुठे असतो? मग लवकर बोलावलं तर “काहीतरी सापडलं वाटतं” आणि उशिरा बोलावलं तर “आपल्याला सोडून दिलं,” असे दोन्हीकडून भीतीचेच अर्थ निघतात.

भीतीने वागणं दोन दिशांना वाकतं. काही जण सतत तपासत राहतात: शरीर, रिपोर्ट, गूगल. पुन्हा पेट स्कॅन करा म्हणून मागे लागतात, जमत नसताना पैसा ओततात. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या आणि काही तक्रार नसलेल्या बाईला डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी एवढं साधारण पुरतं. सरसकट पेट स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर करत राहू नयेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुसरी माणसं उलट करतात. तारीख आली की “वेचणी होऊ दे, मग जाऊ” म्हणतात. वेचणी होते, तूर येते, लग्नसराई येते. नागपूरला गेलोच नाही तर वाईट कळणारच नाही, असा तो हिशेब. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. आणि गावात पहिल्याला वेडा ठरवतात, दुसऱ्याला मात्र धीराचा म्हणतात!

साधी काळजी आणि मदत लागेल अशी भीती यांच्यातली रेघ कुठे ओढायची? तपासणीच्या आधी आठवडाभर पोटात गोळा येणं, ओळखीतलं कुणी त्याच आजाराने गेल्यावर दोन रात्री न झोपणं, हे कुणालाही होईल. पण विचार दिवसभर डोक्यातून हलतच नसेल, काम सुटत असेल, चाचपणं किंवा टाळणं आवाक्याबाहेर गेलं असेल, आणि पुढच्या हंगामाचा, मुलीच्या लग्नाचा विचारच करवत नसेल, तर मदत घ्यावी. ही भीती मोजण्यासाठी जर्मनीत तयार झालेली १२ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. १२ ते ६० गुण, आणि ३४ च्या वर गेलं की भीती जास्त मानायची असा ढोबळ संकेत. मला त्या प्रश्नांचा रोख लक्षणीय वाटतो. मरणापेक्षा त्यांत विचारणा आहे ती दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची, काम हातून सुटण्याची, वेदनेची, कठीण उपचारांची, मुलांना हाच आजार होईल का याची आणि आपल्यामागे घराचं काय होईल याची. मारेगावात कोणत्याही ओसरीवर बसून “नेमकं कशाचं भेव वाटते?” असं विचारलं, तर याच गोष्टी निघतील.

पण असं विचारत कुणी नाही. विचारायच्या आधीच उत्तर तयार असतं: “तू विचारच करू नको.” डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रयोगातल्या मंडळींना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं होतं. अस्वल आठवत राहिलंच, आणि नंतर मोकळीक दिल्यावर ते आणखी जोराने आठवलं. ‘कॅन्सर’ या शब्दाचं त्याहून वेगळं काय होणार? त्यात “हिंमत ठेवली की रोग पळतो” असं म्हणणारे आणखी एक ओझं चढवतात: घाबरलो म्हणजे आपणच रोगाला बोलावलं. धीर खचल्यामुळे गाठ परत उलटते, हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. रुग्णाच्या तोंडावर हे स्पष्ट बोलावं.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियात फिलिस ब्यूटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉन्कर फिअर’ नावाचा उपचार तयार केला: पाच बैठका, प्रत्येक तास-दीड तासाची. २०१७ मध्ये त्यांनी २२२ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. अर्ध्यांना हा उपचार, अर्ध्यांना शरीर सैल सोडायचं प्रशिक्षण. भीती दोन्ही गटांत उतरली, पण पहिल्यात जास्त, आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता. पुढे याच उपचाराचं इंटरनेटवर आपलं आपण करण्याजोगं रूप निघालं, डेन्मार्कमध्ये आतड्याच्या कर्करोगातून बाहेर आलेल्यांसाठीही ते वापरून पाहिलं. कल्पना सरळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, रुग्ण पुष्कळ आणि विखुरलेले. फोन सगळ्यांकडे आहे, तर उपचारच फोनवर पाठवू.

इथे नेदरलँड्समधल्या दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत मानसशास्त्रज्ञाबरोबर पाच बैठका समोरासमोर आणि तीन ऑनलाइन, असा मिश्र उपचार ८८ जणांच्या चाचणीत तपासला. भीती लक्षणीय उतरली. दुसरीत स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रियांना त्याच पठडीतला अभ्यासक्रम संकेतस्थळावर खुला करून दिला, सोबत माणूस नाही. २०२० मध्ये निकाल आला: ज्यांना तो मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यात फरक नाही. मजकूर वाईट नव्हता. पण भ्यालेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे एकट्याने धडे गिरवत बसायला सांगणं ही अवघड मागणी आहे. मधून कुणी फोन करून “या आठवड्यात जमलं का?” एवढं विचारणारं असलं की चित्र बदलतं. माझ्या मते मारेगावसारख्या ठिकाणी ऑनलाइन मदतीचा विचार इथूनच सुरू व्हावा. ॲप डाउनलोड करून देऊन आपण मोकळे होऊ नये.

‘कॉन्कर फिअर’सारख्या उपचारात शिकवतात ते काही गूढ नाही. एक सराव तर कोणत्याही अंगणात होतो. इंग्लंडचे ॲड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये तो मांडला. रोज बारा-एक मिनिटं, एका जागी बसून, डोळे उघडे ठेवून. आजूबाजूचे पाच-सहा आवाज हेरायचे: पंख्याची घरघर, शेजारचा टीव्ही, लांब मोटरपंप, रस्त्यावरची एसटी, बकरीचं करडू, चिमण्या. आधी एकेका आवाजावर अर्धा-पाऊण मिनिट सगळं लक्ष लावायचं, बाकीचे असू द्यायचे. मग लक्ष भरभर हलवायचं, पंख्यावरून पंपावर, पंपावरून चिमण्यांवर. शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम ऐकायचा प्रयत्न करायचा. मध्येच काखेतली टोच आठवली तर तीही एक आवाज समजून असू द्यायची. यातून मन शांत व्हावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. लक्ष आपल्या हुकमाने फिरतं, हा विश्वास परत मिळवणं हे यातलं काम. म्हणून हा सराव भीतीने ग्रासलेल्या क्षणी करत नाहीत. बरं वाटत असताना, रोज, तालमीसारखा करतात.

दुसरी युक्ती काळजीला वेळ ठरवून देण्याची. संध्याकाळी चहा झाल्यावर पंधरा मिनिटं. दिवसा विचार आला की “साडेपाचला बघू” म्हणून कागदावर टिपून ठेवायचा आणि साडेपाचला खरंच बसून बघायचा. तिसरी गोष्ट शरीर तपासण्याची. ती बंद करायची नाही, तिला शिस्त लावायची. स्तन महिन्यातून एकदा, डॉक्टरांनी दाखवलं तसं. तोंडही ठरल्या दिवशी, उजेडात. मधल्या काळात काही जाणवलं तर तीन प्रश्न: हे नवं आहे का, दोन आठवडे टिकलं का, वाढत चाललंय का? उत्तर ‘हो’ कडे झुकत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. नवी गाठ, रक्तस्राव, श्वास लागणं, अचानक वाढलेली सूज किंवा पायांतली ताकद जाणं, यांसाठी दोन आठवडेही थांबायचं नाही. कधी पळायचं हे पक्कं ठाऊक असलं की उरलेल्या वेळी बसता येतं.

या सगळ्यात मोबाईल दोन्ही बाजूंनी लढतो. रात्री दोन वाजता कुणी यूट्यूबवर ‘कॅन्सर परत येतो का’ असं शोधलं, तर सकाळपर्यंत त्याच्या पडद्यावर तेच व्हिडिओ येत राहतात, कारण तो ते बघतो आहे हे यंत्राला कळलेलं असतं. त्यापाठोपाठ औषधं: लक्ष्मणफळ, हळद, कडुलिंब, उपाशी राहून गाठ ‘मारणं’. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योत सिद्धू यांनी पत्नीच्या चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगावर आहाराने मात केल्याचा दावा केला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांना सही करून सांगावं लागलं की याला शास्त्रीय आधार नाही, उपचार थांबवू नका. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो झालेलीच होती. अशा दाव्यांना गिऱ्हाईक भीतीच मिळवून देते. केळापूरच्या जगदंबेला नवस बोलण्याशी माझं काही भांडण नाही. देवी फाईल फेकून दे म्हणत नाही. व्हॉट्सॲपवरचा वैद्य म्हणतो.

रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटांबद्दल माझं मत अर्धवटच चांगलं आहे. “मलाही असंच व्हायचं” हे वाक्य ज्याने भोगलंय त्याच्याकडून ऐकणं याला तोड नाही. पण गटात कुणाचा आजार उलटल्याची बातमी आली की ती सगळ्यांच्या छातीवर बसते. स्तनाचा कर्करोग म्हणजे एकच आजार नव्हे. त्याचे प्रकार, टप्पे, औषधं वेगळी, म्हणून तिचं उलटलं याचा तुमच्याशी संबंध असेलच असं नाही. गटावर हे सांगणारं कुणी जाणकार असेल तर तिथे राहावं. नसेल तर सूचना बंद ठेवून दिवसातून एकदा पाहावं.

मारेगावात बसून आज मिळू शकते ती मदत बघू. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. फुकट, चोवीस तास, वीस भाषांत, त्यात मराठी आहे. तिला इंटरनेट लागत नाही, बटणांचा फोन चालतो. आधी समुपदेशक बोलतो; गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतो. हा क्रमांक फक्त वेड लागलेल्यांसाठी किंवा जीव द्यायला निघालेल्यांसाठी आहे, असा समज आहे. “कॅन्सर बरा झाला, पण रात्री झोप येत नाही,” हे त्यावर फोन करायला पुरेसं कारण आहे. आणि जीव नकोसा झाला असेल तर तोच क्रमांक लगेच लावावा. १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीची मदतवाहिनी आहे, १८०० २२ १९५१. स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ‘व्ही केअर’ रुग्णांना त्याच वाटेने गेलेल्या माणसांशी बोलायला लावून देते. ‘जासकॅप’ या मुंबईच्याच संस्थेने वेगवेगळ्या कर्करोगांवरच्या पुस्तिका मराठीत आणल्या. आणि भीतीच्या मुळाशी कधी कधी एक साधी शंका असते: आपला उपचार बरोबर झाला ना? तिच्यासाठी टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ ही सेवा आहे. रिपोर्ट ऑनलाइन पाठवले की तज्ज्ञांचं मत घरबसल्या मिळतं. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम आल्यापासून आपल्याच डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहणंही रीतसर झालं आहे, म्हणून “दर वेळी यावंच लागेल का?” हे विचारायला लाजू नये.

अडचण वेगळीच आहे. घरातला चांगला फोन बहुधा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. दोन खोल्यांच्या घरात सासू, नातवंडं, येणारे-जाणारे. “माझ्यामागं पोरीचं कसं होईन” हे कुणासमोर बोलायचं? व्हिडिओवर तज्ज्ञ आहे, पण आडोसा नाही. पोडावर राहणाऱ्या, घरात कोलामी बोलणाऱ्या म्हातारीची गाडी तर ‘मराठीसाठी अमुक दाबा’ इथेच अडते.

याचं उत्तर विदर्भाने स्वतः शोधून ठेवलं आहे, कर्करोगासाठी नसलं तरी. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला आणि समुपदेशन करायला शिकवलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त त्याचे आकडे आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. ती माणसं डॉक्टर नव्हती. घरी येत, बसत, परत येत. २०१५ पासून राज्याच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त यवतमाळसह १४ जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघर ताणतणावाची विचारपूस सुरू केली, तीही याच वाटेची. त्याच आशाताईच्या यादीत गावातला कर्करोगाचा उपचार संपलेला माणूस असला, महिन्यातून एकदा तिने तिच्या फोनवरून १४४१६ लावून दिला, वावराच्या बांधावर किंवा अंगणवाडीच्या खोलीत त्याला एकट्याला बोलू दिलं आणि पुढच्या महिन्यात आवाजांचा सराव केला का म्हणून विचारलं, तर डच संशोधकांच्या चाचणीत जो मिश्र उपचार लागू पडला त्याची ही आपल्या ऐपतीतली आवृत्ती होईल. फक्त तिच्या कामाच्या लांबलचक यादीत हे फुकटात ढकलू नये.

इथवर लिहिलं ते मुख्यतः बऱ्या झालेल्यांबद्दल. ज्यांचा रोग आटोक्यात ठेवायचा आहे पण जाणार नाही, त्यांची भीती खोटी नसते. तिथे “काही होत नाही” म्हणणं ही फसवणूक आहे. त्यांच्यासाठी कॅनडात गॅरी रोडिन यांनी तीन ते सहा बैठकांचा उपचार तयार केला, ज्यात मरणाबद्दल, घरच्यांबद्दल, उरलेल्या काळात काय करायचं याबद्दल उघड बोलतात. ३०५ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने नैराश्य उतरल्याचं २०१८ मध्ये छापलं गेलं. आपल्याकडे मात्र त्याही आधीची गोष्ट वेदनेची. पाहिलेल्या मरणांमुळे लोकांची समजूत झाली आहे की कर्करोग म्हणजे शेवटी ओरडत जाणं. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन बहुतेकांची वेदना आवाक्यात आणतं, आणि २०१४ च्या कायदा-दुरुस्तीने ते रुग्णालयांना मिळवणं सोपं केलं आहे. वेदनाशामक सेवा कुठे मिळेल, हे रोग वाढायच्या आधी विचारून ठेवलं तर भीतीचा एक मोठा तुकडा तिथेच गळतो.

राहिले घरचे. रुग्णाइतकीच, कधी त्याहून जास्त भीती जोडीदाराला वाटते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं. फाईल सांभाळणारा नवरा, रिपोर्टचा फोटो आधी स्वतः बघून मग आईला दाखवणारा मुलगा, माहेरून दर दोन दिवसांनी “खोकला गेला का वो आई?” असा फोन करणारी मुलगी. हे प्रेमच असतं. पण दिवसातून चारदा प्रकृती विचारली की रुग्णही चारदा स्वतःला तपासतो. विचारायचंच तर “आज कापूस किती झाला?” असं विचारावं. आणि १४४१६ वर समोरचा “रुग्ण कोण?” म्हणाला, तर “आजार तिला होता, झोप माझी गेली आहे,” असं नवऱ्यानेही बिनदिक्कत सांगावं; तो फोन त्याच्यासाठीही आहे.